पीपीओ मिळाला, पण नेमका कशाबद्दल?

परवा कॉलेजच्या ज्युनिअर्सच्या ग्रुपवर एकीने विचारलं, "इन्व्हेस्टमेंट बँकेत समर इंटर्नशिप करायची तर एक्सेल मॉडेलिंग किती यायला हवं?" मी लिहिलं, "मॉडेलिंगचं बघू गं, आधी राहतेस कुठे ते सांग." सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकले. मी गंमत करत नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधीच सांगून टाकते, मला पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपवरूनच पक्क्या नोकरीची ऑफर, मिळालाय. तेव्हा कोल्ह्याला द्राक्षं आंबट वगैरे कमेंट करायचे कष्ट कुणी घेऊ नका.

मी बदलापूरची. बी.कॉम., मग थोडे दिवस ऑडिटची नोकरी, मग एमबीए. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) एका इन्व्हेस्टमेंट बँकेत इंटर्नशिप मिळाली. ही खातीबिती उघडणारी बँक नव्हे, कंपन्यांना भांडवल उभारून देणारी. बँकेचं नाव सांगणार नाही. दुसऱ्या बँकांत गेलेल्या मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की दारावरची पाटी बदलली तरी आतला कारभार साधारण तोच. (घरी आईने "मुलगी बँकेत लागली" असं सांगितल्यावर शेजारच्या दोन काकूंनी मला एफडीचे दर विचारले होते. तो विषय वेगळा.)

मला आयपीओच्या, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा लोकांना विकण्याच्या, टीममध्ये टाकलं. कंपनीला बाजारात यायचं असलं की ती आधी सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, एक मसुदा दाखल करते, तो डीआरएचपी. कित्येकशे पानांचा ग्रंथ असतो. तो कंपनीच्या नावाने निघतो, पण मर्चंट बँकरला, म्हणजे आयपीओ सांभाळणाऱ्या आमच्यासारख्या बँकेला, सेबीकडे ड्यू डिलिजन्सचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. म्हणजे यात लिहिलेलं आम्ही तपासलंय, असं सही करून सांगायचं. या तपासणीच्या उतरंडीत सगळ्यात खाली इंटर्न. "आमच्या कारखान्याची क्षमता इतकी", "या क्षेत्रात आम्ही पहिल्या तिघांत", असं एकेक वाक्य घ्यायचं आणि त्याच्यामागचा कागद शोधून जोडायचा. याला बॅकअप म्हणतात. कागद सापडला नाही तर वाक्य मवाळ करायचं, नाहीतर उडवायचं. कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी हौसेने लिहिलेली विशेषणं आमच्याकडे येऊन पटापट गळायची. बघायला मजा यायची.

आणि ते "पहिल्या तिघांत" कुठून येतं माहितीये? इंडस्ट्री रिपोर्टमधून. तो रिपोर्ट बहुतेक वेळा कंपनीनेच पैसे देऊन बनवून घेतलेला असतो. यात लपवाछपवी नाही, तसं डीआरएचपीतच छापलेलं असतं. पण वाचतो कोण? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आयपीओ आला की फक्त जीएमपी (लिस्टिंगआधीच्या अनधिकृत बाजारात शेअरला मिळणारा वरचा भाव) किती चाललाय एवढंच फिरतं.

भाव ठरवण्याचं प्रकरण तर त्याहून रंगतदार. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 रुपयांना दिला गेला आणि पहिल्याच दिवशी सुमारे 27 टक्के पडला, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. 2022 च्या शेवटी सेबीने नियम कडक केले. कंपनी स्वतःला ज्या मोजपट्ट्यांनी मोजते त्या आणि आधी शेअर कुठल्या भावाने विकले गेले ते, हे सगळं ऑफर प्राइसच्या प्रकरणात मांडायला लावलं. तरी एक जागा मोकळी राहतेच: तुलनेला कोणत्या कंपन्या घ्यायच्या? महागड्या शेअरच्या शेजारी बसवलं की आपला माल स्वस्त दिसतो. आमच्या टीममध्ये एका कंपनीला त्या यादीत घ्यायचं की नाही यावर जो वाद झाला, तेवढं मला वर्गात कुठल्याच लेक्चरला शिकायला मिळालं नव्हतं. व्हीपीने, म्हणजे टीमच्या व्हाइस प्रेसिडेंटने, माझं मतही विचारलं, आणि मी यादीत घ्या म्हटलं. ऐकलं नाही, पण विचारलं.

थोडक्यात, काम मला आवडलं. माझं भांडण कामाशी नाही, कामाच्या वेळेशी आहे.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हे लोक रात्री दोनपर्यंत बसतात म्हणजे केवढं काम असेल. कधीकधी असतंच. डीआरएचपीतले आर्थिक आकडे सहा महिन्यांपेक्षा शिळे चालत नाहीत. म्हणजे डिसेंबरपर्यंतचे आकडे घेऊन निघालात तर 30 जूनच्या आत फायलिंग व्हायला हवं, नाहीतर ऑडिट पुन्हा करा. त्यामुळे जून जवळ आला की वकील, ऑडिटर, कंपनी, बँकर सगळे एकदम घायकुतीला येतात. त्या रात्री जागण्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

पण बाकीच्या रात्री? सकाळी दहाला पोचायचं. दिवसभर सीनिअर लोक क्लायंटकडे किंवा कॉलवर. आपण लोगो सरळ करतोय, तळटीपा जुळवतोय, कुणीतरी बघेल म्हणून वाट बघतोय. संध्याकाळी सात-साडेसातला व्हीपी मोकळा होतो, फाइल उघडतो, कमेंट्स असोसिएटकडे, असोसिएटकडून अ‍ॅनालिस्टकडे, तिथून माझ्याकडे येईस्तोवर नऊ वाजलेले. ते सगळं करून मध्यरात्री पाठवायचं. आणि ती फाइल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी उघडतच नाही! हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. रात्रीची ती घाई कुणासाठी होती हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता यात बदलापूर कुठे आलं, ते सांगते. ऑफिस रात्री घरापर्यंत कॅब देतं, द्यावीच लागते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची सोय हवी. संमतीचा तो कागद पहिल्या दिवशीच्या सह्यांच्या गठ्ठ्यात होता. पण कॅब म्हणजे काही विमान नव्हे. शिळफाटा, काटई करत घरी पोचायला दीड तास, रस्त्याचं काम चालू असलं तर जास्त. बाबा जागे. सकाळी परत लोकल, कुर्ल्याला उतरून शेअर रिक्षा. माझ्या बरोबरीचा इंटर्न वांद्र्यात राहायचा. एक वाजता निघून सव्वाला झोपायचा. दोघांनाही "तेवढेच तास" होते, पण त्याची झोप माझ्या दुपटीने व्हायची.

शिवाय ट्रेनमध्ये काम करता येत नाही. गर्दी हे एक कारण, पण गर्दी नसती तरी नाही. कंपनी लिस्टेड असेल तर आपल्याकडची माहिती भाव हलवू शकते, म्हणून इनसायडर ट्रेडिंगचे नियम लागतात. प्रत्येक डीलला टोपणनाव असतं, माझा पॅन आणि डीमॅटचा तपशील आधीच घेतलेला. लेडीज डब्यात लॅपटॉप उघडून बसले तर नोकरीच जायची. गाडीने येणारा मागच्या सीटवर बसून निदान कॉल तरी घेऊ शकतो.

मधल्या फीडबॅकला मला सांगितलं गेलं, "काम उत्तम आहे, पण अव्हेलेबिलिटी थोडी वाढव." मग मी स्टायपेंडमधला मोठा वाटा घालून ऑफिसजवळच कलिन्याला पीजी (पेइंग गेस्ट म्हणून खोली) घेतलं. बदल झाला तो फक्त एवढाच. तीच मी, तेच एक्सेल, चुका काढायची माझी तीच खोड. शेवटच्या फीडबॅकमध्ये लिहून आलं की माझ्यात "ओनरशिप" दिसू लागली आहे. ती ओनरशिप कलिन्यात भाड्याने मिळते, हे मला आधी ठाऊक नव्हतं.

ज्यांना हे भाडं परवडत नाही, ज्यांना घरून पीजीला परवानगी नाही, विरार, पनवेल, टिटवाळ्याची पोरं, ती या चाळणीतून गळतात. आणि कागदावर मात्र ती "मेरिट"ने गळालेली असतात.

तासांबद्दल जगभर बोललं गेलंय. लंडनमध्ये 2013 साली 21 वर्षांचा एक इंटर्न इंटर्नशिप संपायला थोडे दिवस असताना गेला. मृत्यू अपस्माराच्या झटक्याने झाल्याचं चौकशीत निघालं, पण त्याच्या सलग जागरणांची चर्चा जगभर झाली. 2015 मध्ये गोल्डमन सॅक्सने इंटर्न्सना मध्यरात्र ते सकाळी सात ऑफिसात थांबायला बंदी केली. 2024 मध्ये जेपी मॉर्गनने ज्युनिअर बँकर्सच्या आठवड्याला साधारण 80 तासांची मर्यादा घातली. (80! आपल्या राज्याच्या कायद्यात सर्वसाधारण कामगाराला आठवड्याला 48 आहेत.) या सगळ्या नियमांत ऑफिसातले तास मोजलेत. त्यातले किती तास नुसते वाट बघण्यात गेले, आणि घर किती लांब आहे, हे त्यात कुठेच येत नाही.

"क्लायंटला हवं असतं" हे उत्तर मला मिळालंय. फायलिंगच्या आठवड्यात मान्य. एरवी क्लायंट रात्री अकराला तळटीपा वाचत नसतो. व्हीपीने दुपारी जेवणानंतर अर्धा तास काढून कमेंट्स दिल्या तर अर्धी रात्र वाचते. आमच्याच मजल्यावरच्या दुसऱ्या टीममध्ये एक बाई हे करायच्या. त्यांची टीम बहुतेक दिवशी साडेआठला निघायची, आणि त्यांची डील्स काही अडली नाहीत.

पीपीओचा कॉल आला तेव्हा मी एचआरला विचारलं, पुढच्या बॅचच्या लांबून येणाऱ्या इंटर्न्सना दोन महिन्यांची राहण्याची सोय देता येईल का? बाहेरगावच्या कॅम्पसमधून येणाऱ्यांना देतातच. उत्तर आलं, "पण ते मुंबईचे नसतात ना." बदलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, हे मी मेलवर कळवलंय. उत्तर आलं की इथेच खाली कमेंटमध्ये टाकेन.