मुंबई गाठल्याशिवाय सरकारी नोकरीत वर जाता येत नाही म्हणे

गेल्या काही दिवसांत एक मेसेज मला सात-आठ ग्रुपवरून आला, भाच्यानंही पाठवला आणि खाली 'मामा हे खरं आहे का' असं विचारलं. मेसेजचा मतलब असा की कोल्हापुरात राहून सरकारी नोकरी म्हणजे नुसता पगार, करिअर करायचं तर मंत्रालय, नाहीतर दिल्ली. वरची पदं तिथं, पैसा तिथं, ओळखी तिथं, मोठं काम तिथं, आणि जिल्ह्यात राहिलेला माणूस ज्या टेबलला चिकटतो त्याच टेबलवरून हार घालून घरी जातो. मी महसुलात क्लार्क म्हणून लागलो, आज नायब तहसीलदार आहे, मंत्रालयात आयुष्यात चार-पाच वेळा गेलो असेन ते पण फाईल घेऊन, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचं आणि दुसऱ्या रात्री परत. त्यामुळं भाच्याला एका ओळीत उत्तर देता येईना, म्हटलं बसून लिहूनच काढू.

पहिला मुद्दा, वरची पदं मंत्रालयात. इथंच सगळा घोळ आहे. लोकांना वाटतं मंत्रालय म्हणजे आपल्याच बिल्डिंगचा वरचा मजला. तसं नाहीये भावा, ती बिल्डिंगच वेगळी. तिथं सहायक कक्ष अधिकारी, मग कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशी त्यांची स्वतःची शिडी आहे आणि त्यांची ज्येष्ठता यादी पण वेगळी. आमची शिडी म्हणजे महसूल सहायक नाहीतर तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात अजून तलाठीच म्हणतात), मग अव्वल कारकून किंवा सर्कल (मंडळ अधिकारी), मग नायब, तहसीलदार, उपजिल्हाधिकारी. नायबचा संवर्ग विभागीय, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे मिळून एकच यादी आणि ती पुण्याला आयुक्त ऑफिसात. म्हणजे आमची राजधानी बघायला गेलं तर पुणे, मुंबई नाहीच.

आता समजा कोण वैतागून म्हणाला मी जिल्हाच बदलून घेतो आणि मुंबईकडं जातो. विनंतीवर आंतरजिल्हा बदली घेतली की नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता यादीत तुम्ही तळाला. बारा वर्षं नोकरी झालेला माणूस काल लागलेल्या पोराच्या खाली. वर जायला म्हणून गेला आणि पार खाली जाऊन बसला!

अजून एक, आयएएस. मेसेजवाल्याला हे माहीतच नसणार की राज्य सेवेतून प्रमोशननं आयएएस होता येतं, जास्तीत जास्त ३३⅓ टक्के जागांचा कोटा आहे, आणि त्यासाठी उपजिल्हाधिकारी म्हणून आठ वर्षं सेवा लागते. उपजिल्हाधिकारी म्हणजे प्रांत ऑफिस, भूसंपादन, निवडणूक, रोजगार हमी. म्हणजे तो रस्ता गडहिंग्लज, इचलकरंजी असल्या गावांतून जातो.

दुसरा मुद्दा पगार. यात फार बोलण्यासारखं काही नाही. सातव्या वेतन आयोगात नायब तहसीलदारची सुरुवातीची बेसिक ३८,६०० आणि मंत्रालयातल्या सहायक कक्ष अधिकाऱ्याची पण ३८,६००. फरक पडतो घरभाडे भत्त्यात, त्यासाठी शहरांचे वर्ग केलेत, मुंबई 'एक्स' वर्गात, कोल्हापूर 'वाय' वर्गात, आणि तो फरक फार फार तर बेसिकच्या दहा टक्के, म्हणजे ३,८६० रुपये. एवढ्यात मुंबईत भाड्याचा फरक निघतो का ते ज्यानं त्यानं बघावं, बदलापूरवरनं लोकलनं ये-जा करणाऱ्याला विचारा, तो सांगेल. दिल्लीचं पण तेच, स्टाफ सिलेक्शनच्या एकाच परीक्षेतून दिल्लीच्या सचिवालयात सहायक कक्ष अधिकारी होतात आणि त्याच परीक्षेतून दिल्लीबाहेर बसणारे इन्कम टॅक्सचे इन्स्पेक्टर पण, दोघांची बेसिक ४४,९००. आणि राज्यात प्रमोशन रखडलं तरी आश्वासित प्रगती योजनेत १०, २०, ३० वर्षांनी वरचा पे मिळतो, त्याला मुंबईचा पत्ता असावा लागत नाही.

तिसरा, ओळखी. हे अर्धं खरं आहे, नाकारत नाही. तहसीलदारपासून पुढच्या बदल्यांची ऑर्डर मुंबईतनं निघते आणि ज्याची मुंबईत ऊठबस आहे त्याला कुठली जागा रिकामी होणार ते आधी कळतं. पण हे झालं बदलीचं, प्रमोशनचं नाही. प्रमोशनच्या यादीत नाव अडकतं कशामुळं? मी स्वतः आस्थापनेच्या टेबलला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद बघतात तिथं, बसलोय म्हणून सांगतो. एकाचा गोपनीय अहवाल (साहेबानं कामाबद्दल लिहायचा शेरा) लिहिलेलाच नसतो, दुसऱ्यानं मत्ता-दायित्व, म्हणजे मालमत्ता आणि कर्जाची माहिती, भरलेलं नसतं, तिसऱ्याची जात पडताळणी राहिलेली, चौथ्याची जुनी चौकशी बंद झाल्याचं पत्रच सर्व्हिस बुकात लावलेलं नाही. आणि सगळ्यात जास्त बळी घेते ती परीक्षा. एसएसडी (दुय्यम सेवा विभागीय परीक्षा) आणि आरक्यूटी (महसूल अर्हता परीक्षा) ठरलेल्या संधीत सुटली नाही तर ज्येष्ठता जाते, मागून आलेले पुढं जातात. मी आरक्यूटी दुसऱ्या खेपेला पास झालो, पहिल्या खेपेला 'आपण रोज हेच काम करतोय, त्यात काय वाचायचं' म्हणून गेलो आणि आपटलो. त्यात कुठल्या सचिवाच्या ओळखीचा काय उपयोग होता?

चौथा मुद्दा वाचून मात्र खरंच राग आला, जिल्ह्यात फक्त दाखले द्यायचं काम. धोरण मुंबईत ठरतं हे बरोबर, जीआर, म्हणजे शासन निर्णय, तिथूनच येतो. पण महापूर मंत्रालयात येत नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे कोल्हापुरातलं शाळेतलं पोरगं पण सांगतं. मी करवीरला सर्कल असताना एका पावसाळ्यात रात्री चिखलीला गेलो होतो, लोकांना बाहेर काढायचं होतं. माणसं गाडीत बसायला तयार, पण म्हशी सोडून एक जण हलेना. मग आधी जनावरांची यादी, कुणाच्या दावणीला किती, कुणाचा ट्रॅक्टर-ट्रॉली चालू आहे, वैरण कुठं उतरवायची, एक म्हातारी तर रेडकू घेऊनच गाडीत चढली, आणि हे सगळं बॅटरीच्या उजेडात सर्व्हेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं. पहाटे चारला शेवटची ट्रॉली निघाली. नंतर पंचनामे, मग अनुदानाच्या याद्या, मग यादीत नाव नाही म्हणून भांडायला आलेले लोक. ते पान अजून माझ्याकडं आहे, सगळी शाई पसरलीये.

आणि सगळं मुंबईतच राहणार हे पण कुणी ठरवलं? चाळीसेक वर्षं इथले वकील-पक्षकार हायकोर्टाचं खंडपीठ मागत होते तेव्हा पण हसणारे होतेच. १८ ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच सीपीआर दवाखान्यासमोर सुरू झालं, आता सहा जिल्ह्यांच्या केसेस इथं चालतात. तसं तर १९४९ पर्यंत कोल्हापूर स्वतःच राजधानी होतं आणि सरकारी नोकरीत मागासलेल्यांना ५० टक्के जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी याच संस्थानात काढला, मुंबईला विचारून नव्हे.

राहिला शेवटचा मुद्दा, त्याच टेबलवरून रिटायर होण्याचा. होतात, बघितलेत मी. पण मुंबईला गेले नाहीत म्हणून नव्हे, कोल्हापूर शहर, तो रंकाळा तलाव सोडला नाही म्हणून. जिल्ह्यात बारा तालुके. अव्वल कारकूनची ऑर्डर आली आणि पोस्टिंग जिल्ह्याच्या पार टोकाचं चंदगड दिसलं की निम्म्यांना आईचं दुखणं आठवतं, पोरांची शाळा आठवते (काहींचं खरं असतं, बायकांना तर घर आणि चंदगड दोन्ही ओढायचं म्हणजे सोपं नाही, ते मान्य). मग प्रमोशन नाकारल्याचं पत्र, आणि नाकारलं की आश्वासित प्रगतीचा लाभ पण अडतो. मी आणि माझा एक मित्र, दोघं एकाच महिन्यात लागलो होतो, एकाच वेळी ऑर्डर निघाली, दोघांना पण चंदगड. मी गेलो, तीन वर्षं काढली, काजूचा मोहोर आणि चार महिने न थांबणारा पाऊस दोन्ही बघितलं. त्यानं पत्र दिलं. तो अजून शहरातच आहे, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला असतो, भेटला की चहा पाजतो, माणूस सोन्यासारखा आहे.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर हा मेसेज पहिल्यांदा टाकला तो त्यानंच.