पायलट असो वा नसो, इंजिन कुणाचं?

आमचे अण्णा ओझरला मिग या रशियन लढाऊ विमानाच्या जुळणीत होते. नाशिककडे त्या सगळ्या परिसरालाच 'ओझर मिग' म्हणतात, एसटीच्या कंडक्टरलाही तेवढंच सांगितलं की पुरे. लहानपणी माझी समजूत होती की अख्खं विमान अण्णाच बनवतात. एकदा त्यांनी मला जवळ बसवून समजावलं, "सांगाडा आपल्याकडे होतो बाळा, इंजिन कोरापूटहून येतं. आणि इंजिनाचं मूळ रेखाटन रशियातून."

२६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला. १९६३ पासून हवाई दलात असलेलं विमान. अण्णा टीव्हीसमोरून उठले नाहीत. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए हे देशी लढाऊ विमान उडालं. त्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, "इंजिन कुणाचं?" मी म्हटलं, "अमेरिकेचं." ते काही बोलले नाहीत.

तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

सध्या भविष्यातल्या हवाई युद्धाची चर्चा जोरात आहे. डिसेंबर २०२४ मध्ये चीनच्या चेंगदूवर शेपटी नसलेलं नवं लढाऊ विमान दिसलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने एफ-४७ हे लढाऊ विमान जाहीर केलं. ब्रिटन, जपान आणि इटली मिळून २०३५ साठी विमान बनवत आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत सिम्युलेटरवर एका संगणक प्रणालीने एफ-१६ च्या अनुभवी पायलटला पाच लढतींत ५-० ने हरवलं. त्यामुळे पायलट राहणार की जाणार, हा वाद चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला आहे. माझं उत्तर असं की पायलट राहील, पण त्याच्या सोबतीला बिनपायलटची विमानं असतील आणि तो एकटा लढण्याऐवजी त्या टोळीचं नेतृत्व करेल. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षाने हेही दाखवलं की आता समोरचं विमान डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी क्षेपणास्त्र सुटलेलं असतं. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या चर्चेत इंजिनाचं नाव कुणी घेत नाही, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

नव्या विमानाचं इंजिन केवळ ढकलण्यासाठी नसतं. रडार, शत्रूचं रडार आंधळं करणारी यंत्रणा, विमानात बसवलेले संगणक, उद्या येणारी लेझर शस्त्रं, या सगळ्यांना वीज इंजिनच पुरवतं, आणि त्यांना थंड ठेवायला लागणारी हवाही इंजिनातूनच घ्यावी लागते. अमेरिकेच्या एफ-३५ ची अडचण नेमकी हीच झाली. उपकरणं वाढत गेली, मूळ हिशोबापेक्षा जास्त हवा खेचावी लागली, इंजिनाची झीज वाढली आणि आता त्याचा गाभाच सुधारावा लागतो आहे. म्हणजे ज्याचं इंजिन कमकुवत, त्याची कृत्रिम बुद्धिमत्ताही उपाशी. आणि बिनपायलटच्या विमानालाही इंजिन लागतंच की!

आपण हा धडा एकदा शिकलो होतो. १७ जून १९६१ ला एचएफ-२४ मारुत हे आपलं लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी आपल्याकडे येऊन त्याची रचना केली होती. देखणं आणि वेगासाठीच घडवलेलं विमान होतं ते. पण त्याला हवं होतं ते ताकदवान ब्रिटिश ऑर्फियस इंजिन कधी तयारच झालं नाही, कारण त्याच्या विकासाचा खर्च उचलायला ना ब्रिटन पुढे आलं, ना आपण. मग इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयोग करून पाहिला. शेवटी जे इंजिन हाताशी होतं त्यावरच विमान उडवलं आणि ते ठरलेल्या वेगाच्या जवळपासही गेलं नाही. १९७१ च्या युद्धात मारुतच्या वैमानिकांनी जे केलं ते त्या अपुऱ्या ताकदीवर केलं, याचा मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

मग १९८९ मध्ये तेजससाठी 'कावेरी' हे देशी जेट इंजिन मंजूर झालं. वजन वाढलं, ताकद ठरल्यापेक्षा कमी भरली आणि २००८ मध्ये ते तेजसपासून वेगळं करण्यात आलं. लोक त्याची चेष्टा करतात. मला ती सहन होत नाही. जेट इंजिनाच्या टर्बाइनचं पातं ज्या वायूत फिरतं, त्याचं तापमान पात्याच्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असतं. पात्याच्या पोटात बारीक वाटा काढून त्यातून हवा खेळवायची, वरून सिरॅमिकचा लेप द्यायचा आणि अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतायचं. गुळाची ढेप फोडली की ती कणांच्या जोडांवरून फुटते. पात्यात तसे जोडच राहू नयेत म्हणून ही सगळी खटपट. हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने २०२१ मध्ये हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीला दिली. ही बातमी किती जणांनी वाचली? माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत मोठी बातमी होती.

मी स्वतः नाशिकच्या अंबडला सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या, शॉपमध्ये काम करतो. एक जॉब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, बसवायला किती रद्दी पडते, किती नग वाया जातात, ते मला माहीत आहे. रद्दी पडल्याशिवाय हात बसत नाही. कावेरीला तेवढी रद्दी पाडू दिली गेली नाही. उंचीवरच्या हवेसारखी चाचणी करायची सोय आपल्याकडे नव्हती, म्हणून इंजिन रशियात न्यायचं. उडत्या विमानाला बांधून चाचणी करायची, तरी रशियाचंच आयएल-७६ मालवाहू विमान. प्रत्येक वेळी पेटी बांधा, तारीख मागा, वाट पाहा. चीननेही वर्षानुवर्षं रशियन इंजिनांवर विमानं उडवली, पण त्याच वेळी स्वतःच्या इंजिनावर पैसा ओतणं थांबवलं नाही. आज त्यांची जे-२० लढाऊ विमानं स्वतःच्या इंजिनावर उडतात.

आणि आपण? २०२१ मध्ये तेजससाठी अमेरिकेच्या जीई कंपनीशी ९९ एफ-४०४ इंजिनांचा करार केला आणि त्यातलं पहिलं मार्च २०२५ मध्ये हाती आलं. बंद पडलेली उत्पादनसाखळी त्या कंपनीला पुन्हा उभी करावी लागली. तोवर विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत राहिले. हवाई दलाला मंजूर ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, आणि मिग गेल्यावर उरल्या २९.

आता पाचव्या पिढीच्या आपल्या विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर १२० किलोन्यूटन ढकलशक्तीचं इंजिन बनवायचं ठरतं आहे. चांगलं आहे. पण पात्याचं ओतकाम, लेप आणि गरम भागाचं गणित आपल्या हाती आलं पाहिजे, नाहीतर ओझरला सांगाडाच होत राहील. आणि चाचणीचे तळ इथे, आपल्या देशात हवेत, उडतं चाचणी-विमान धरून. नव्या विमानाच्या घोषणेआधी या तळांना पैसे द्या.

ओळखीतली कुणी मुलगी किंवा मुलगा धातुशास्त्राला प्रवेश घेऊ की नको या विचारात असेल, तर त्यांना माझ्याकडे पाठवा. अण्णा अजून बोलतात तासन् तास, आणि त्यांना ऐकणारं माणूस हवंच आहे.