मिक्सरमध्ये मळलेला ब्रेड खचला, या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

आमच्या मिल्क ब्रेड किटला तुम्ही दोन तारे दिलेत. घरी ब्रेड मशीन (पीठ मळण्यापासून ब्रेड भाजण्यापर्यंत सगळं करणारं यंत्र) नाही म्हणून कार्डावरची कृती स्टँड मिक्सरमध्ये, म्हणजे पीठ मळायचा हूक असलेल्या मिक्सरमध्ये केलीत. मशीन मळतं तेवढाच वेळ, म्हणजे पंचवीस मिनिटं हूक चालवलात. पहिली दहा मिनिटं गोळा चांगला होता, नंतर मळता मळता पीठ चिकट होत गेलं, म्हणून अर्धा कप मैदा वरून घातलात. ब्रेड टिनच्या बराच वर आला आणि ओव्हनमध्ये मधोमध खचला. यावरून पीठ निकृष्ट आणि यीस्ट जुनं, असं तुम्ही लिहिलंत.

अर्धा दिवस खपून खचलेला ब्रेड हाती आला की जीव हळहळतो. तरी पीठ आणि यीस्टबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही, आणि त्याचं कारण तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय. यीस्ट मेलेलं असतं तर ब्रेड टिनच्या वर आलाच नसता. आणि पिठात ताकद नसती तर पहिल्या दहा मिनिटांत गोळा जमलाच नसता. जमलेला गोळा पुढे सैल आणि चिकट व्हायला लागला, तर आधी संशय उष्णतेचा घ्यायचा.

स्टँड मिक्सरचा हूक पिठाला भांड्यावर घासतो आणि त्या घर्षणाने पीठ तापतं. मिक्सर कुठला, पीठ किती, यावर ते अवलंबून असतं, पण मळून होईपर्यंत दहा-बारा अंशांची वाढ सहज धरावी. मळून झाल्यावर ब्रेडचं पीठ 24 ते 27 अंशांच्या आसपास असलं पाहिजे. बेकरीवाले यासाठी एक साधा हिशेब करतात. मळलेल्या पिठाचं हवं ते तापमान गुणिले तीन, त्यातून कोरड्या पिठाचं आणि खोलीचं तापमान आणि घर्षणाने होणारी वाढ वजा करायची. उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्यायचं. आपल्या नागपुरात मे महिन्यात, कूलर चालू असतानाही, खोली 33 आणि डब्यातलं पीठ 32 अंश धरा. 26 गुणिले तीन म्हणजे 78. त्यातून 33, 32 आणि घर्षणाचे 12 गेले की उरतो 1. म्हणजे बर्फाचं पाणीच हवं! तुम्ही कोमट घेतलंत, कारण यीस्टला कोमट पाणी लागतं असं सगळीकडे छापलेलं असतं. किटमधलं यीस्ट इन्स्टंट आहे, ते कोरड्या पिठात मिसळतं आणि गार पाण्यातही काम करतं. उन्हाळ्यात मी तर कोरडं पीठही रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायला सांगते. मग साधं माठातलं पाणी पुरतं.

मग मशीनमध्ये तीच कृती कशी जमते, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. मशीनचं पातं छोटं असतं आणि बऱ्याच मशीनचा प्रोग्रॅम थांबून थांबून मळतो. काही मशीन तर सुरुवातीला नुसतीच थांबतात, आतल्या सगळ्या जिनसा एका तापमानाला याव्यात म्हणून. 1980च्या दशकात जपानमध्ये मात्सुशिता कंपनी (आजची पॅनासॉनिक) घरगुती ब्रेड मशीन बनवत होती, तेव्हा सुरुवातीचे ब्रेड बाहेरून करपायचे आणि आत कच्चे राहायचे. इकुको तानाका या सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे जाऊन मळणं शिकल्या. तो बेकर पीठ ओढता ओढता पिळतो, हे त्यांनी हेरलं. त्यातून भांड्याच्या आतल्या बाजूला उभ्या कडा आल्या आणि 1987 मध्ये ते मशीन बाजारात आलं. मला ही हकिगत फार आवडते, कारण मशीनच्या कृतीत एका बेकरचे हात आणि त्याचा अंदाज आधीच बसवलेला आहे हे तिच्यातून कळतं. कार्डावर आपण फक्त जिन्नस वाचतो. कधी थांबायचं, किती ऊब द्यायची, हे मशीनच्या पोटात असतं. मिक्सर घेतला की हे सगळं आपल्याला बघावं लागतं, आणि घड्याळ त्यासाठी पुरत नाही.

तेव्हा याच किटचा ब्रेड मिक्सरमध्ये असा करा. कार्डावर 400 ग्रॅम पिठाला 270 मिली पाणी आहे. मिक्सरसाठी आधी 240 मिलीच घाला, तेही गार. पीठ ओलं झालं की मिक्सर बंद करून वीस मिनिटं झाकून ठेवा. या वेळात पीठ पाणी पितं आणि मळण्याचं निम्मं काम आपोआप होतं. मग मीठ आणि शेवटी लोणी घालून मळा, लागलं तरच एकेक चमचा पाणी वाढवा. वेग दोनच्या वर नेऊ नका. किचनएडसारख्या कंपन्याही यीस्टच्या पिठासाठी हेच सांगतात. आठ-दहा मिनिटांत भांड्याच्या कडा स्वच्छ होतात, तळाशी थोडं पीठ चिकटलेलं राहतं. ते राहू द्या, मैदा भुरभुरू नका. लिंबाएवढा गोळा घेऊन बोटांनी हळूहळू ताणा. न फाटता पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा झाला, की मळणं पुरे. पीठ हूकवर चढत असेल तर थांबून खाली ओढा. हाताला गरम लागलं तर भांड्यासकट दहा मिनिटं फ्रीजमध्ये.

खचण्याचं कारण यीस्टशी जोडलेलं आहे, पण ते जुनं असण्याशी नाही. कार्डावरचं 6 ग्रॅम यीस्ट मशीनच्या ठरलेल्या वेळांसाठी आहे. तापलेलं पीठ आणि मे महिन्यातलं स्वयंपाकघर असताना तेवढं यीस्ट आणि तेवढाच वेळ दिला की ब्रेड फुगण्याची हद्द ओलांडतो. फुगलेल्या पिठाला धरून ठेवणारी आतली जाळी ताणून ताणून थकते आणि ओव्हनच्या पहिल्या धक्क्याला बसते. उन्हाळ्यात 3 ते 4 ग्रॅम पुरे. पहिल्यांदा दुप्पट होईपर्यंत ठेवा. मग साडेआठ बाय साडेचार इंची टिनमध्ये घालून कडेच्या वर दोन सेंटिमीटर आला की ओव्हन तयारच हवा. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश, अर्धवट भरून आला की वेळ झाली. खळगा तसाच राहिला तर उशीर झालाय. ओटीजी 180 अंशांवर, दोन्ही रॉड चालू, खालची जाळी, 30 ते 35 मिनिटं. वर लवकर रंग आला तर फॉइल झाका.

हा अभिप्राय वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. परदेशी मशीनच्या कृती कपांत असतात. तिथला एक कप मैदा म्हणजे साधारण 120 ते 125 ग्रॅम. डब्यात कप खुपसून भरला तर तो 150 वर जातो, म्हणून वजनकाटा घ्याच. त्या कृतींतलं ब्रेडचं पीठ आपल्या मैद्यापेक्षा जास्त प्रथिनांचं असतं, तेव्हा पाणी हात राखून घाला. दोन कपांची छोटी कृती पाच लिटरच्या भांड्यात हूकला सापडत नाही, ती दुप्पट करा. टायमर लावून तासन्‌तास ठेवलेलं दूध नासू नये म्हणून मशीनच्या कृतींत दूध पावडर असते. मिक्सरमध्ये ताजं दूध चालतं, मात्र उकळून, साय काढून, पूर्ण गार केलेलं.

कार्डावर मिक्सरची कृती का नाही, असंही तुम्ही विचारलंत. किट मशीनसाठी आहे आणि पाकिटावर तसं छापलंय. प्रत्येकीच्या मिक्सरचं भांडं वेगळं, हूक वेगळा, त्यामुळे एकच वेळ छापली तर ती बहुतेकांना चुकीची ठरेल. विचारणाऱ्यांना आम्ही भांड्याचं माप विचारून समजावून सांगतो.

यीस्टची शंका अजूनही असेल तर उरलेलं यीस्ट घेऊन दुकानात या. अर्धा कप कोमट पाण्यात एक चमचा साखर आणि एक चमचा यीस्ट तुमच्या समोर घालू. दहा मिनिटांत फेस आला नाही तर किटचे पूर्ण पैसे परत. येताना मिक्सरचं भांडं आणि हूकही आणा. फेस आला तर पुढचा गोळा आपण दोघी मिळून मळू, आणि त्याच्या पिठाचे पैसे मी घेणार नाही.