भावकीचं भांडण, आणि म्हणे जगावरचं संकट

टीव्हीवर 'स्पेक्टर' हा जेम्स बाँडचा पिक्चर लागला की बेळगावात टिळकवाडीपासून अनगोळपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर एक तरी गडी म्हणतोच, "बाँड तो बाँडच मर्दा, काय गाडी, काय स्फोट!" डोकं फिरतं. गाडी झकास आहे, मान्य. स्फोट तर अस्सल आहे. खरं त्यात पिक्चर कुठाय, ते दाखव की!

पहिली दहा मिनिटं सोडा, ती उत्तमच आहेत. मेक्सिको सिटीत मृतांच्या सणाची मिरवणूक, कॅमेरा बाँडच्या मागं गर्दीतून हॉटेलात, लिफ्टनं वर, खोलीत, खिडकीतून बाहेर गच्चीवर. तुकडे जोडलेत, पण सांधा शोधून सापडत नाही. (गंमत म्हणजे असली मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती. पिक्चर आल्यावर २०१६ पासून खरोखरच काढायला लागले.) हे जमवणारा दिग्दर्शक सॅम मेंडिस पुढं दोन तास काय झोपला होता?

मूळ दुखणं खलनायकाचं. बाँडचा जुना वैरी ब्लोफेल्ड आणि त्याची स्पेक्टर संघटना यांच्या हक्कांवरून बाँडच्या निर्मात्यांचा केव्हिन मॅकक्लोरी या दुसऱ्या निर्मात्याशी वाद होता, तो पार १९६०च्या दशकापासूनचा. म्हणून कित्येक वर्षं अधिकृत मालिकेत ब्लोफेल्डचं नावच नाही. २०१३ मध्ये हक्क हातात आले आणि यांना दम धरवेना. आता आणलाच आहे तर नव्यानं उभा करा, दोन पिक्चर त्याच्या सावलीवर काढा! ते नाही. थेट म्हणे हा बाँडच्या लहानपणीचा ओबरहाउसर. पोरक्या बाँडला याच्या बापानं सांभाळलं, बापाची माया तिकडं वळली, म्हणून यानं बापाला मारलं, स्वतः मेल्याचं सोंग केलं आणि पुढं जगभर जाळं विणलं. अरे ही भावकी झाली! आमच्या खानापूर तालुक्यात बांधावरून सख्खे चुलते वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा खातात, एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, खरं त्यासाठी कुणी सहाराच्या वाळवंटात उल्का पडलेल्या खड्ड्यात ऑफिस थाटत नाही.

बरं, तो ऐटीत सांगतो, "आता माझं नाव अर्न्स्ट स्टाव्हरो ब्लोफेल्ड." बाँडनं ते नाव त्याआधी कधी ऐकलेलंच नाही! म्हणजे धक्का बाँडला नाही, फक्त जुने पिक्चर बघितलेल्या प्रेक्षकाला. पात्राला ज्यानं काडीचा फरक पडत नाही तो उलगडा कसला? आणि हे काम करणाऱ्या ख्रिस्तोफ वॉल्ट्झनं आधी छातीठोकपणे सांगितलेलं, मी ब्लोफेल्ड नाही म्हणून. ज्याला कळायचं त्याला तेव्हाच कळलं होतं.

यानं मागचे पिक्चरही नासले, संताप त्याचा जास्त आहे. 'स्कायफॉल'चा खलनायक सिल्वा बघा. एमनं, म्हणजे बाँडच्या साहेबिणीनं, त्याला चिन्यांच्या हाती सोडलं, दातातलं सायनाइड खाऊनही तो मेला नाही, जबडा जळाला. त्याचा राग त्याचा स्वतःचा होता, म्हणून तर तो अंगावर यायचा. 'स्पेक्टर' एका वाक्यात सांगतो, तोही आमचाच माणूस. कसा? कधीपासून? पैसे कुणी दिले? उत्तर नाही. शेवटी पडक्या इमारतीत मेलेल्यांचे फोटो झेरॉक्स काढून चिकटवावेत तसे लावलेत. जगाचा सूत्रधार कधी हे छापायला बसला देव जाणे.

आता तो खुर्चीचा सीन नीट बघा. बाँडला बांधलंय. ब्लोफेल्ड समजावून सांगतो की बारीक सुई कवटीत घातली की नजर, ऐकणं, तोल सगळं बिघडणार, आणि पुढच्या सुईनं माणसांचे चेहरे ओळखणंच बंद होणार. सुई आत जाते. दोनदा जाते! घड्याळ फुटतं, बाँड उठतो, आणि पुढच्याच मिनिटाला पळत्या माणसांना नेम धरून एकेका गोळीत आडवं करतो. ना झोकांडी, ना नजर धूसर. मग सुईचा खर्च कशाला केला? धोका सांगितला तर त्याची किंमत वसूल करायलाच पाहिजे. 'कसिनो रोयाल'मध्ये मार खाल्ल्यावर बाँड सरळ दवाखान्यात, व्हीलचेअरवर दिसतो. म्हणून तिथं पोटात गोळा येतो.

पुढं दोन-चार गोळ्या, गॅसची एक पाइप, आणि अख्खा तळ खलास. मोरोक्कोत एरफूदजवळ त्यासाठी ८,४१८ लिटर केरोसीन आणि ३३ किलो स्फोटकं खरोखर उडवली, गिनीज बुकात नोंद झाली. उपयोग काय, तर खलनायक जिवंतच.

रोममधला पाठलागही तसाच. रस्ते रिकामे, मागं यमासारखा पैलवान बटिस्टा, आणि आपला बाँड गाडी चालवताना फोनवर ऑफिसातल्या मनीपेनीकडून माहिती घेतोय! ज्याला फोनवर बोलायला सवड आहे त्याच्या जिवाची काळजी आम्ही का करायची? शेवटी तर टेम्सवरच्या धावत्या बोटीतून, रात्री, साध्या पिस्तुलानं हेलिकॉप्टर पाडतो. मोनिका बेलुचीचा किती गाजावाजा केलेला, पन्नाशीतली नायिका म्हणून. तिला दिलंय काय, दोन-तीन सीन. आणि मुख्य नायिका मॅडलिन चार दिवसांच्या ओळखीवर "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणून मोकळी.

आपल्या सेन्सॉर बोर्डानं त्यात नोव्हेंबर २०१५ मध्ये चुंबनं निम्म्यावर आणली, 'संस्कारी बाँड' म्हणून देशभर हसं झालं. अरे कात्री हातात होतीच, तर ऑस्ट्रियानंतरची चाळीस मिनिटं कापायची! पिक्चर १४८ मिनिटांचा. जाहिराती आणि इंटरव्हल धरले की तीन तास. रात्रीचा शो बघणाऱ्या नंदगडकडच्या माणसाची शेवटची बस गेली, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

आणि इतका आटापिटा करून आणलेला तो ब्लोफेल्ड! २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'मध्ये तुरुंगातल्या एका सीनमध्ये, बाँडनं गळ्याला हात लावला म्हणून मेला.