पाच हजार फोन आणि पंचवीस लाख शूरवीर

भाऊजी ह्यूस्टनला राहतात. मागच्या महिन्यात त्यांच्या गल्लीत एक घर फुटलं आणि तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांच्या जागी पिस्तुलं यायला लागली. परवाचा फॉरवर्ड असा: ‘अमेरिकेत दरवर्षी २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. त्यामुळे ४ लाख जीव वाचतात. हे शास्त्रीय सर्वेक्षणाने सिद्ध केलं आहे, विरोधकांनी आणि सरकारी संस्थेनेही मान्य केलं आहे. घरात बंदूक न ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे.’ खाली ताईचा प्रश्न: ‘खरं का रे हे? तू ते सर्व्हेचं काम करायचास ना?’

करायचो. पुण्यात बसून आठ वर्षं लोकांना फोन करून साबणापासून मतदानापर्यंत काय वाटेल ते विचारलं. म्हणून तर हा आकडा बघून डोकं फिरतं.

आधी तो ४ लाखांचा मुद्दा, कारण तो लिहिणाऱ्याने आणि पुढे ढकलणाऱ्याने पाच सेकंदसुद्धा विचार केलेला नाही. हे सर्वेक्षण १९९३ सालचं. त्या वर्षी अमेरिकेत सगळे मिळून साडेचोवीस हजारांच्या आसपास खून झाले. बंदुकीने झालेले सगळे मृत्यू मोजले, म्हणजे खून, आत्महत्या, अपघात, तरी चाळीस हजारांच्या आत. आणि बंदुका नसत्या तर आणखी चार लाख मेले असते म्हणे! म्हणजे खुनांची संख्या एकदम सतरापट झाली असती. हा आकडा आला कुठून? ज्यांनी फोनवर ‘हो, मी बंदूक वापरली’ असं सांगितलं, त्यांनाच पुढे विचारलं, की वापरली नसती तर कुणी मेलं असतं का? सुमारे सोळा टक्के म्हणाले, जवळजवळ नक्कीच. आपल्याच पराक्रमाचं मोजमाप ज्याचं त्याने करायचं. यापेक्षा शिकारीच्या गोष्टी बऱ्या.

आता २५ लाख. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचे गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांनी ४,९७७ जणांना फोनवर विचारलं आणि १९९५ साली लेख लिहिला. गेल्या वर्षभरात बंदुकीने बचाव केला असं सांगणारे निघाले १.३ टक्के, म्हणजे साधारण ६६ माणसं. त्या टक्केवारीने तेव्हाच्या १९ कोटी प्रौढांना गुणलं, झाले २५ लाख. एकेका ‘हो’ची किंमत ३८ हजार घटना! एकाने फोनवर थाप मारली की देशात ३८ हजार चोर पळून जातात.

लोक फोनवर थापा का मारतील, असं भाऊजी विचारतील. आम्ही मुद्दाम कधीही न दाखवलेल्या जाहिरातीबद्दल विचारायचो. ‘पाहिली ना, छान होती,’ म्हणणारे प्रत्येक वेळी निघायचे. सगळे खोटारडे नसतात. कुणाला तीन वर्षांपूर्वीची गोष्ट ‘मागच्याच वर्षी’ वाटते, कुणी भांडणात आपणच पिस्तूल काढलेलं असतं आणि आठवतो तो बचाव.

हार्वर्डचे डेव्हिड हेमेनवे यांनी १९९७ साली याच सर्वेक्षणाची चिरफाड केली. एवढा एक लेख वाचला तरी पुरे. त्यांचा मुद्दा साधा आहे. समजा, खरं प्रमाण हजारात एक आहे. पाच हजारांत खरे पाच. ते पाचही जण घाबरून गप्प बसले तरी आकडा पाचनेच घटेल. पण उरलेल्या ४,९९५ जणांपैकी शंभरात एकजण जरी चुकीचं ‘हो’ म्हणाला, तरी पन्नास वाढले. दहापट! दुर्मीळ गोष्ट मोजताना चूक दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. हेमेनवे उदाहरण देतात १९९४ च्या एका जनमत चाचणीचं. दीड हजार अमेरिकनांपैकी दहा टक्क्यांनी परग्रहावरचं यान पाहिलं होतं आणि १.२ टक्के परग्रहवासीयांच्या थेट संपर्कात आले होते. त्याच गुणाकाराने वीस लाखांहून अधिक लोकांची एलियनशी ओळख आहे.

घरफोड्यांचा हिशेब तर ताईलाही बोटांवर करता येईल. तेव्हा वर्षाला ६० लाखांहून कमी घरफोड्या होत. त्यांतल्या साधारण १३ लाखांत घरी कुणीतरी होतं. बंदूक असायची ४२ टक्के घरांत, म्हणजे उरल्या साडेपाच लाख. सर्वेक्षण म्हणतं, साडेआठ लाख घरफोड्यांत बंदूक वापरली. गाढ झोपलेल्या प्रत्येक मालकानेही उठून बंदूक रोखली असं धरलं तरी तीन लाख चोर शिल्लक राहतात. जखमी गुन्हेगारांचंही तेच. सर्वेक्षणाप्रमाणे दोन लाखांवर, आणि दवाखान्यात गोळी लागून येणारे सगळे मिळून लाखभर.

एक मान्य करतो, नाइलाजाने. सरकारचं गुन्हेपीडितांचं सर्वेक्षण वर्षाला लाखाच्या आसपास आकडा देतं, आणि तो कमी असू शकतो. तिथे आधी ‘माझ्यावर गुन्हा झाला’ असं सांगावं लागतं, मगच बचावाचा प्रश्न येतो, तोही थेट बंदुकीचा नाही. पण कमी म्हणजे किती कमी? पंचवीसपट?

‘विरोधकांनी मान्य केलं’ म्हणजे बंदुकांचे कट्टर विरोधक असलेले गुन्हेशास्त्रज्ञ मार्व्हिन वुल्फगँग. त्यांनी पद्धतीचं कौतुक केलं होतं, हे खरं. म्हणून गुणाकार बरोबर ठरत नाही. दुसऱ्या फोन-सर्वेक्षणांतही असेच मोठे आकडे आले म्हणाल, तर बिघडलेल्या काट्यावर दहा वेळा तोललं म्हणून वजन खरं होत नाही. १९९४ साली असंच सर्वेक्षण करणारे अभ्यासक कुक आणि लुडविग यांचा स्वतःच्याच आकड्यावर विश्वास बसला नव्हता. आणि ‘सरकारी संस्था’ म्हणजे सीडीसी, अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था; तिच्या सांगण्यावरून २०१३ साली एक अहवाल झाला. त्यात इतरांचे अंदाज मांडलेत, पाच लाखांपासून तीस लाखांवरपर्यंत, आणि शेजारीच गुन्हेपीडितांच्या सर्वेक्षणातला १ लाख ८ हजार हाही. फॉरवर्डवाल्याने तो नेमका गाळला.

राहिला बेजबाबदारपणा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. आणि ताईच्या घरात सोळा वर्षांचा मुलगा आहे, सध्या दार लावून बसणारा. ताई, भाऊजींना एवढंच विचार: पिस्तूल उशाखाली ठेवणार की कुलपात? कुलपात ठेवलं तर चोर आल्यावर किल्ली शोधत बसावं लागेल. आणि उशाखाली ठेवलं, तर दुपारी तुम्ही दोघं कामावर गेल्यावर घरात कोण असतं?