नॉर्मन आडनाव, डूम्सडे बुक आणि हरवलेला वारस

"आडनाव नॉर्मन वळणाचं असेल तर पूर्वज 1066 साली विल्यमबरोबर इंग्लंडात उतरले. डूम्सडे बुकात जमीन सापडते, ढालीवरचं चिन्ह जुळलं की वंशावळ पूर्ण," असा मजकूर फिरतो आहे. यातली एकही पायरी पक्की नाही.

डूम्सडे ही 1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजा विल्यमनं करवलेली, 1086ची जमीनपाहणी. त्यात जमीनधारक आहेत, वंश नाही. लंडन, विंचेस्टर, डरहॅम, नॉर्थंबरलँड तर नाहीतच. शिवाय तिथे आडनाव शोधणारा फसतो. क्लेअर या सरदार घराण्याचा मूळपुरुष सफक काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदीत 'काउंट गिल्बर्टचा मुलगा रिचर्ड' आहे, तर सरेमध्ये 'टनब्रिजचा रिचर्ड'. माणूस एकच!

विल्यमच्या सोबत्यांची म्हणून जी 'बॅटल अ‍ॅबीची यादी' दाखवतात, तिची मूळ प्रत हरवली आहे. हाती आहेत त्या बऱ्याच नंतरच्या, नावं घुसडलेल्या नकला. ढालीवरची वंशचिन्हं रुळली बाराव्या शतकात, आणि ती माणसाची व त्याच्या वंशजांची असतात, आडनावाची नव्हेत.

वंश लागतो तो जमिनीच्या मागे गेल्यावर. राजाकडून थेट जमीन धरणारा मेला की त्याची जमीन असलेल्या प्रत्येक काउंटीत पंच बसवून विचारत: जमीन कोणती, कोणत्या सेवेवर, मृत्यू कधी, वारस कोण, वय किती. थोडक्यात वारसनोंदच. पण एका काउंटीचा कागद वाचून थांबू नये. 1314 मध्ये स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नच्या लढाईत त्याच घराण्यातला गिल्बर्ट द क्लेअर निपुत्रिक मारला गेला, तेव्हा काही पंचांनी बहीण एलिझाबेथऐवजी सावत्र बहीण इझाबेलचं नाव दिलं. तिचा हक्कच नव्हता, कारण 1290 मध्ये वडिलांनी जमिनी राजाला सोडून पुन्हा घेतल्या, त्या दुसऱ्या पत्नीच्या संततीपुरत्या बांधून. त्यात गिल्बर्टची विधवा मॉड गरोदर असल्याचं सांगत राहिली. एलिनॉर, मार्गारेट, एलिझाबेथ या सख्ख्या बहिणींत वाटणी झाली ती 1317 मध्ये.

तारखाही राजाच्या राज्यवर्षात, म्हणजे तो गादीवर आल्यापासूनच्या वर्षांत, असतात. तेव्हाचा राजा दुसरा एडवर्ड याचं वर्ष 8 जुलैला बदलतं. म्हणून 24 जून 1314चा मृत्यू सातव्या वर्षात, पंचनामे आठव्यात.

पंधराव्या शतकात आणखी एक खोच. विश्वस्तांच्या नावे केलेली जमीन या चौकशीत बहुधा येतच नाही, आणि मोठ्या घरचा माणूस कागदावर भूमिहीन दिसतो. मग हस्तांतरणाचे करार धुंडाळायचे. न्यायालयातला असा करार एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहून नागमोडी कापत. दोन तुकडे पक्षकारांना, तळचा न्यायालयात. 1195 पासून जपलेले हे तळचे तुकडे लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये 'सीपी 25/1' या क्रमांकाखाली मिळतात.