एकाच प्रेसच्या नोटा, दोन चुली

आमचे आजोबा प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला एवढं म्हटलं की पुरतं, कुठली प्रेस ते कोणी विचारत नाही. 1948 साली त्याच प्रेसमधून पाकिस्तानच्या नोटा छापून गेल्या, हे परवा पोराला सांगितलं तर त्याला थापच वाटली. म्हणून हा प्रपंच.

नोट आपलीच. सहाव्या जॉर्जचा तोच चेहरा, फक्त ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ ही जादा अक्षरं, इंग्रजीत आणि उर्दूत. आणि सही कोणाची? रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर, आपल्या चिंतामणराव देशमुखांची! तेव्हा रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचा गल्ला सांभाळत होती. 1 जुलै 1948 ला पाकिस्तानची स्टेट बँक सुरू झाली आणि चुली वेगळ्या झाल्या. (55 कोटींवरून कॉमेंटमध्ये भांडू नका, तो विषय वेगळा.)

भावाभावांत चूल वेगळी करायला वेळ लागत नाही हो. खरी भांडणं विहिरीवरून होतात. इथली विहीर म्हणजे ताग. चांगला ताग पिकायचा पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या आजच्या बांगलादेशात, आणि गिरण्या सगळ्या कलकत्त्याला, हुगळीच्या काठी. सप्टेंबर 1949 मध्ये ब्रिटनने पौंडाचा भाव पाडला, मागोमाग आपण रुपयाचा 30.5 टक्क्यांनी पाडला. पाकिस्तान म्हणालं, आम्ही नाही पाडणार. कालपर्यंत बरोबरीचे रुपये, आता त्यांच्या 100 ला आपले 144! दिल्लीने तो भाव मानला नाही, व्यापार ठप्प झाला. गिरण्या तागाविना अडल्या आणि तिकडे शेतकऱ्याच्या दारात ताग पडून.

मला विचाराल तर पाकिस्तानचा हट्ट वेडेपणाचा नव्हता. नव्या देशाला यंत्रं बाहेरून आणायची असतात, रुपया महाग असला की ती स्वस्त पडतात. वर 1950 साली कोरियाचं युद्ध पेटलं आणि ताग-कापसाला सोन्याचा भाव आला. फेब्रुवारी 1951 मध्ये आपणच नमतं घेऊन त्यांचा भाव मान्य केला. पण ही चैन तागवाल्याच्या जिवावर होती, हे कोणी मोजलं? रुपया चढा ठेवला की निर्यातीवर जगणाऱ्याच्या हातात कमी पडतं. शेवटी 1955 मध्ये त्यांनीही भाव पाडलाच.

तोवर व्हायचं ते झालं होतं. त्यांनी नारायणगंजला स्वतःची गिरणी उभी केली. आपण, धान्याची टंचाई असताना, भाताच्या जमिनीत ताग लावला. गिऱ्हाईक एकदा तुटलं की ते परत येतं, पण पूर्वीसारखं नाही.

लासलगावकरांना हे वेगळं सांगायला नको. 2019, 2020, मग 8 डिसेंबर 2023, दरवेळी एका रात्रीत कांदा निर्यात बंद. आपला मोठा गिऱ्हाईक बांगलादेश. त्यांच्या सरकारने शेतकऱ्यांना उन्हाळ-पावसाळ्यात कांदा घ्यायला बियाणं वाटायला सुरुवात केली.

वाण कुठला? एन-53. आपल्याच नाशिकचा.